गड्डा उठायच्या आत बाग मांडा: सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी परसबागेची तयारी

भोगीच्या भाजीसाठी परसातला पावटा, वांगी, ओला हरभरा तोडून झाला की आमच्याकडे बरेच जण बागेकडे पाठ फिरवतात. सिद्धेश्वरांची यात्रा असते, तिच्या गड्ड्यावर, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत, पोरांना पाळण्यात बसवायचं असतं, घरी पाहुणे असतात. भेंडीची आठवण होते ती थेट गुढीपाडवा तोंडावर आल्यावर. तेव्हा टाकलेलं बी उगवतं, नाही असं नाही. पण रोप चार पानांवर असतानाच चाळिशीचं ऊन त्याला गाठतं. मग मे महिन्यात रिकाम्या वाफ्याकडे बघत ‘सोलापुरात उन्हाळ्यात काही येत नाही’ असं म्हणायचं. मीही चार वर्षं हेच म्हणत होतो.

बागकामाचे बहुतेक व्हिडिओ थंड मुलखातले असतात. तिकडे बर्फ वितळायची आणि शेवटचं दहिवर पडून जायची वाट बघतात, मग वसंतात बी टाकतात. त्यांची तारीख थंडी संपण्याची असते. आपलीही तीच असते, फक्त आपल्याला त्या तारखेपासून मागे मोजावं लागतं. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात, पण सोलापुरात होळीपर्यंत दुपारचं ऊन आधीच चटकायला लागलेलं असतं. तोवर रोपांनी मुळं खोल धरलेली हवीत. म्हणजे हाताशी संक्रांत ते महाशिवरात्र एवढेच दिवस. आपला वसंत म्हणायचा तर हाच.

पहिलं काम: पाणी मोजा, मग वाफे

बी आणायच्या आधी पाण्याचा हिशेब करा. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. दहा फूट बाय दहा फुटांचा भरलेला वाफा असेल तर हे झाले रोजचे साठ-सत्तर लिटर, म्हणजे पाच-सहा घागरी. शहरात नळ चार-पाच दिवसांनी येतो असं धरलं, तर दोनशे लिटरचं एक पिंप तेवढ्या वाफ्याला पुरत नाही. माझा अंदाज असा: बागेसाठी वेगळ्या काढलेल्या एका पिंपामागे साठ-सत्तर चौरस फूट लागवड, तीही आच्छादन आणि सावली केली तर. पाणी यापेक्षा कमी असेल तर वाफा लहान करा. अर्धी बाग जगवणं हे पूर्ण बाग वाळवण्यापेक्षा केव्हाही बरं, आणि घरातली भांडणंही टळतात.

तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा, ते बिनधोक चालतं. कपड्यांचं पाणी मात्र घालू नका. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि काळ्या मातीला सोडा मानवत नाही. माती चोपण होते, पाणी वर नुसतं तुंबून राहतं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं, त्याचंही तसंच. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातले क्षार या पाण्यात आणखी घट्ट झालेले असतात. त्याने फरशी पुसा.

पाणी वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मातीचं मडकं. पाच-सात लिटरचं, रंग न दिलेलं मडकं वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. झाकणी विसरलात तर डासांची पैदास आयतीच होईल. माती सुकली की मडकं पाझरतं, ओली असली की पाझर मंदावतो. त्याच्याभोवती फूट-दीड फुटावर तीन-चार वेल छान येतात. घरातला जुना माठ वापरायचा मोह होतो, पण आपल्या जड पाण्याने त्याची छिद्रं बुजलेली असतात. म्हणूनच तर तो पाणी गार करेनासा होतो. आधी भरून तासभर ठेवा. बाहेरून ओल दिसली तर वापरा, नाही तर कुंभाराकडून नवा आणा.

थंडीची पिकं काढताना

पावटा, घेवडा, वाटाणा उपटू नका. जमिनीलगत कापा आणि मुळं आत राहू द्या. त्यांच्या गाठींमधला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. मेथी-कोथिंबीर फुलावर आली असेल तर चार ताटं बियाण्यासाठी सोडा, बाकी काढा. ऊन वाढलं की कोथिंबीर पानं धरत नाही, सरळ फुलावर जाते. वाटाण्यावर किंवा वेलांवर भुरी, म्हणजे पानांवरचा पांढरा पिठासारखा रोग, पडलेली असेल तर तो पाला खताच्या खड्ड्यात टाकू नका.

माती

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना खणली तर ढेकळं होतात आणि ती उन्हात विटेसारखी वाळतात. कोरडी असेल तर कुदळच उडते. म्हणून वाफशाची, म्हणजे खणण्याजोग्या ओलीची, वाट बघा. वाफा भरपूर भिजवा, तीन-चार दिवस सोडा, मग वीतभर खालची मूठभर माती हातात दाबा. गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटला तर वाफसा आला. बोटाला चिकटली तर अजून दोन दिवस थांबा. त्यानंतर वीतभर खोल खणा, त्यापेक्षा जास्त उलथापालथ नको.

दहा बाय दहाच्या वाफ्याला चार-पाच घमेली शेणखत पुरे, पण पूर्ण कुजलेलं. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कुजलेलं नाही. अशा खताबरोबर मुळं खाणारी हुमणीची अळी येते, वाळवीला आमंत्रण जातं, आणि आतली उष्णता रोपांची मुळं भाजते. सोबत किलोभर निंबोळी पेंड मिसळा. माती मऊ व्हावी म्हणून वाळू घालायचा सल्ला मिळेल. दोन घमेली वाळूने काळी माती मऊ होत नाही, उलट आणखी घट्ट बसते. तिला मऊ करतं ते खतच, आणि तेही दरवर्षी घातलं तर.

आता चुना आणि राख. थंड, पावसाळी मुलखातली माती आंबट असते, म्हणून तिकडे ‘बागेत चुना टाका, राख टाका’ सांगतात. आपल्या मातीत चुनखडी आधीच भरलेली आहे. खणताना पांढरे खडे लागतात ते तिचेच. त्यात बंबातली राख नेऊन ओतणं म्हणजे आगीत तेल. चुन्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं पडलं, तेही नव्या पानांपासून, तर ओळखा की हे तेच आहे. उसावर याला केवडा म्हणतात. माझ्या मिरच्या दोन वर्षं अशाच पिवळ्या पडायच्या आणि मी आणखी पाणी घालत बसायचो. उपाय साधा आहे. खताच्या दुकानात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिळतो. त्याच्या दहापट शेणखतात तो मिसळून, ओलसर करून आठ-दहा दिवस सावलीत मुरवा आणि मग रोपाच्या आळ्यात मूठ-मूठ द्या. नुसता हिराकस चुनखडीच्या मातीत टाकला तर माती तो लगेच बांधून टाकते, झाडाला काही मिळत नाही.

वाफ्याच्या आकाराचंही तसंच उलट आहे. बर्फाळ मुलखात गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करतात, कारण तिकडे पाणी निचरायला हवं आणि माती लवकर तापायला हवी. आपल्याला या दोन्ही गोष्टी नको आहेत. उन्हाळ्यासाठी वाफा बाजूच्या जमिनीपेक्षा चार-पाच बोटं खाली ठेवा, कडेने बांध घाला. वेलांना खोलगट आळी करा. पावसाळ्यात हाच वाफा तुंबेल, तेव्हा मृगाच्या आधी तो वर उचलायचा.

काय, कधी

मिरची आणि वांग्याचं बी संक्रांतीच्या आठवड्यात ट्रेमध्ये किंवा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत टाका. डब्यांना खाली भोकं पाडायला विसरू नका. रात्री गार असतात, उगवायला वेळ लागतो, म्हणून डबे भिंतीच्या उबेला ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी रोपं वाफ्यात, लागण संध्याकाळी. इतका खटाटोप नको असेल तर फेब्रुवारीच्या मध्याला रोपवाटिकेतून रोपं आणा, त्यात कमीपणा काही नाही.

भेंडीला गार माती चालत नाही, बी आत बसून कुजतं. रात्री अंगावरची चादर पायाशी जायला लागली की, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बी रात्रभर भिजवून टोकण करा. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत वीतभरापेक्षा थोडं जास्त. गवारही तेव्हाच. पहिल्यांदाच बाग करत असाल तर गवारीपासून सुरुवात करा. पाणी चुकलं तरी ती रुसत नाही. दोडका, दुधी, कारलं, काकडी यांच्या आळ्यात तीन-तीन बिया, आळी तीन फुटांवर. कारल्याचं साल जाड असतं. नेलकटरने टोक किंचित कापून बी दिवसभर भिजवा.

पालेभाज्यांत तांदुळजा, अंबाडी आणि घोळ उन्हाला भीत नाहीत. अंबाडीचं बी शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे हमखास मिळतं, आणि बियांसोबत गोंगुरा चटणीची रीतही. टोमॅटोच्या मागे मी लागत नाही. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की त्याची फुलं गळतात. तो ऑक्टोबरमध्ये लावायचा.

आच्छादन

रोपं वीतभर झाली की मातीवर दोन-तीन बोटं जाड थर द्या. सोलापूरकराला यासाठी विकत काही आणायची गरजच नाही. शेंगाचटणीच्या घरात भुईमुगाच्या टरफलांची पोती भरतात. ती नसतील तर उसाचं पाचट, ज्वारीचं भुसकट किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगणात पडणारा कडुनिंबाचा पाला. खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा, आणि आठवड्यातून एकदा खाली वाळवी लागली नाही ना ते उचलून बघा.

सावली

सकाळचं ऊन हवंच, घात करतं ते दुपारी दोननंतरचं, पश्चिमेचं. पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट वाफ्यावर सात फूट उंच बांधा. फार खाली बांधली तर आतली हवा कोंडते आणि लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड माजते. मार्चच्या मध्यापर्यंत खांब उभे हवेत; नेट नंतर टाकली तरी चालेल. जुन्या सुती साड्याही चालतात. सोलापुरी चादर टाकलेली एका ठिकाणी पाहिली होती. तिच्याखाली फक्त मांजर खूश होतं.

पश्चिमेच्या बाजूला कडब्याचं कूड फार छान लागतं, पण ते कुंपणाच्या आत हवं. पहिल्या वर्षी मी बाहेरून बांधलं होतं आणि गल्लीतल्या एका गाईने ते आठवड्यात संपवलं. कायमची सोय हवी असेल तर त्या कडेला शेवगा लावा. पावसाळ्यात फांदी रोवली की पुढच्या उन्हाळ्याला थोडीफार सावली मिळायला लागते.

गच्चीवर बाग असेल तर स्लॅबची आच खालून येते, म्हणून कुंड्या विटांवर ठेवा आणि एकमेकींना खेटून मांडा. काळ्या पिशव्या बाहेरच्या बाजूने चुन्याने पांढऱ्या करा. चुना मातीला नको, पिशवीला चालतो. गच्चीवर पंधरा इंचांपेक्षा लहान कुंडीत वेल लावू नका, दुपारी एकदा माती तापली की संपलं.

वेल फुलले आणि फळ धरेना, तर परागीभवन स्वतः करा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाच्या मागे नुसता देठ. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मध्याला हलकेच टेकवायचं. हे काम ऑफिसातून आल्यावर दुधीचं आणि चहाच्या आधी काकडीचं, असं वाटून घेता येतं.

शेडनेट बांधताना चारही कोपऱ्यांना निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक वळीव येतो, आधी वावटळ, मग टपोरे थेंब, कधी गारा. ताणलेली नेट अशा वेळी खांबांसकट वेलांवर येते. आभाळ भरून आलं की दोन गाठी सोडून नेट एका बाजूला गुंडाळायची, आणि पावसाचं पाणी वाफ्यात पडू द्यायचं.