सौदीहून कायमचं परतताना: खुरूज लागण्याआधी हिशेब वाजवून घ्या

फायनल एक्झिट, म्हणजे तिकडच्या बोलीत खुरूज, लागला की साधारण 60 दिवसांत देश सोडावा लागतो. त्या काळात कंपनीला घाई नसते, घाई तुम्हालाच असते. म्हणून पगार, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे आधी मागायचे, खुरूज नंतर. रत्नागिरी-रायगडातली कितीतरी माणसं हाच क्रम उलटा करतात आणि गावी पोहोचल्यावर फोन लावत बसतात. तिकडून कोणी उचलत नाही.

पहिलं काम ग्रॅच्युइटीचा आकडा काढायचं. सौदी कामगार कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा महिना आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिना, असा शेवटच्या पगारावर हिशेब होतो. समजा सात वर्षं काम केलं आणि शेवटचा पगार 2,000 रियाल होता. पाच वर्षांचे 5,000, पुढच्या दोन वर्षांचे 4,000, एकूण 9,000 रियाल. पण तुम्ही स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश आणि दहानंतर पूर्ण. म्हणजे वरच्या माणसाने राजीनाम्यावर सही केली की 9,000 चे 6,000 झाले. पगार थकवल्यामुळे काम सोडत असाल तर साधा राजीनामा लिहू नका. मालकाने करार मोडला म्हणून कलम 81 खाली काम सोडतो, असं लिहा. त्यात हक्क शाबूत राहतात. रजा वर्षाला किमान 21 दिवस, पाच वर्षांनंतर 30. न घेतलेल्या रजेचे पैसे मिळतात. करार संपल्यावर परतीचं तिकीटही मालकानेच काढायचं असतं. घरकामगार आणि घरच्या ड्रायव्हरला वेगळे नियम आहेत, त्यांनी हा हिशेब आपल्याला लावू नये.

आता सगळ्यात घातक कागद. शेवटच्या आठवड्यात ऑफिसात अरबीतला एक कागद पुढे येतो आणि ‘फक्त फॉर्मॅलिटी, इथे अंगठा दे’ म्हणतात. त्यावर बहुतेक वेळा ‘माझा सर्व हिशेब मिळाला, काही येणं नाही’ असंच लिहिलेलं असतं. अरबी वाचणाऱ्याकडून फोटोवर तरी वाचून घ्या. पैसे खात्यात दिसेपर्यंत सही नको, कोऱ्या कागदावर तर कधीच नको. कायद्याने मालकाने काम संपवलं तर आठवड्यात आणि कामगाराने संपवलं तर दोन आठवड्यांत हिशेब चुकता व्हायला हवा. पैसे आले की लगेच भारतात पाठवा. इक़ामा, म्हणजे तिकडचा राहण्याचा परवाना, संपल्यावर तिकडचं खातं गोठतं.

मालक टाळाटाळ करत असेल तर कामगार मंत्रालयाकडे समेटाचा अर्ज ऑनलाइन टाका. तिथे 21 दिवसांत तोडगा निघाला नाही, तर प्रकरण कामगार न्यायालयात जातं. काम संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. मध्येच निघावं लागलं तर तिथल्या विश्वासू माणसाला वकाला, म्हणजे मुखत्यारपत्र, देऊन या. भारतात बसून ते करणं फार किचकट. पुरावा म्हणून करार, इक़ामा, बँक स्टेटमेंट, हजेरीचे फोटो आणि व्हॉट्सअपवरचे निरोप घरच्यांना आधीच पाठवून ठेवा. मोबाइल हरवतो, जप्तही होतो.

पासपोर्ट कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा आहे त्या मालकाने, ठेवला असेल तर ते बेकायदा आहे. आपल्या 1967 च्या पासपोर्ट कायद्याने तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. रियाधचा दूतावास किंवा जेद्दाहचा वाणिज्य दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, ते फक्त एकदा भारतात येण्यापुरतं चालतं. अर्जात मात्र ‘पासपोर्ट हरवला’ लिहू नका. कोणाकडे आहे ते नावासकट लिहा, नाहीतर मालकाविरुद्धचा तुमचाच मुद्दा खोटा पडतो.

हुरूब, म्हणजे कामावरून पळाल्याची तक्रार, तुम्हाला न कळवता लागू शकते. वाद सुरू झाला की अबशर या सौदी सरकारच्या पोर्टलवर आपली स्थिती वरचेवर पाहा. हुरूब लागल्यावर नेहमीच्या वाटेने खुरूज मिळत नाही. तक्रार खोटी असेल तर लगेच मंत्रालयाकडे हरकत घ्या आणि दूतावासालाही कळवा. तिकिटाला, राहायला किंवा वकिलाला पैसे नसतील तर दूतावासाकडच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते.

गावी आल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. सरकारचा टोल फ्री नंबर 1800-11-3090. एजंटने फसवलं असेल तर आधी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणी नसताना परदेशी भरती करणं हा 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा आहे आणि नोंदणीकृत एजंटही सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या, पोलीस ठाण्यातही द्या. रोख दिली असेल आणि पावती नसेल तर त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद जोडा.