चित्रदालनात आधी बघावं, मग फोटो काढावा, मग लिहावं

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर कलादालन आहे. १९५२ पासून ते सगळ्यांसाठी उघडं आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी तिथे चांगली गर्दी असते. बरेच जण दारातून शिरतानाच मोबाईल हातात घेतात. चित्र आलं की फोटो, पुढचं चित्र, पुढचा फोटो. पंधरा-वीस मिनिटांत सगळी दालनं होतात. संध्याकाळी ते फोटो चाळताना यातलं कुठलं चित्र आवडलं होतं आणि का, हे मात्र आठवत नाही.

फोटो काढूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. फोटो जरूर काढावा, पण चित्र पाहून झाल्यावर. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेऊन काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवत होत्या. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण अशी कमी झाली नाही. पुढे सांगितलेली पद्धत बरीचशी या दुसऱ्या गोष्टीवर उभी आहे.

१. निघण्याआधी

जायचं ठिकाण एकच ठरवा. काळा घोडा परिसरात जहांगीर आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, रस्त्यापलीकडे जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून एका दिवसात उरकायचा मोह होतो. तो टाळा. तासाभरानंतर डोळे उघडे असले तरी बघणं थांबलेलं असतं.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. जहांगीरमधली बहुतेक प्रदर्शनं आठवडाभरच असतात, त्यामुळे परत एकदा जावंसं वाटलं तर वेळ हाताशी हवा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, दालन उघडल्या-उघडल्या जा. गर्दी नसली की मागे सरकायला जागा मिळते, आणि फोटोसाठी ती लागतेच.

सोबत छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. शाईचं पेन बऱ्याच संग्रहालयांना चालत नाही. मोबाईलची लेन्स मऊ सुती कापडाने पुसून घ्या. धुरकट फोटोंमागे कित्येकदा लेन्सवरचा बोटाचा ठसाच असतो. आणि कपडे गडद रंगाचे घाला. त्याचं कारण पुढे येईल.

२. नियम विचारून घ्या

प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. कुठे मोबाईल चालतो आणि कॅमेरा नाही, कुठे फोटोचं वेगळं तिकीट असतं, कुठे कायमच्या संग्रहाला परवानगी असते पण बाहेरून आणलेल्या प्रदर्शनाला नसते. दारावरच्या माणसाला विचारा. जहांगीरसारख्या ठिकाणी तर स्वतः चित्रकारच दालनात बसलेले असतात, त्यांनाच विचारावं. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. एखाद्याने नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते काम अजून कुठे छापून आलेलं नसेल.

फ्लॅश मात्र सगळीकडेच बंद ठेवा. शेजारी चित्र बघत असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो येतोच, शिवाय काचेवर किंवा तैलरंगाच्या चकाकीवर पांढरा डाग पडून फोटोही वाया जातो. लघुचित्रांच्या दालनात इतका अंधार का, असा प्रश्न अनेकांना पडतो. कागद, कापड आणि जलरंग उजेडाने फिके पडतात आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. म्हणून अशा कामांवर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एवढाच प्रकाश ठेवायचा संग्रहालयांचा प्रघात आहे. तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास चालतो. त्या मंद उजेडाला डोळे सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढी द्या.

३. पहिली फेरी मोबाईल खिशात ठेवून

पूर्ण दालनातून एकदा सावकाश फिरून या. शीर्षकाच्या पट्ट्या वाचू नका, फोटो काढू नका. कुठल्या चित्रापाशी पाय आपोआप रेंगाळले, एवढंच लक्षात ठेवा. न आवडलेलं चित्रही धरा. ज्याने अस्वस्थ केलं किंवा चिडवलं, त्याच्याविषयी लिहायला पुष्कळदा जास्त असतं.

मग त्यातली दोन किंवा तीन चित्रं निवडा. हो, दोन-तीनच. एवढ्या लांब येऊन बाकीची सोडायची का, असं वाटेल. पण ती पहिल्या फेरीत तुम्ही पाहिलेली आहेत.

४. एका चित्रासमोर पाच मिनिटं

पाच मिनिटं वाटतात त्याहून फार लांब असतात. पहिल्या मिनिटात 'झालं बघून' असं वाटतं, आणि खरं दिसायला लागतं ते त्याच्या पुढे. आधी लांबून बघा, म्हणजे रचना कळते: नजर कुठून शिरते, कुठे अडते, कुठून बाहेर पडते. मग जवळ जा, हात पाठीमागे बांधून. कुंचल्याचे फटकारे दिसतील, कुठे रंग खरवडलेला दिसेल, कुठे कॅन्व्हासचं विणकाम उघडं राहिलेलं असेल. शेवटी बाजूला सरकून तिरक्या नजरेने बघा. रंगाचे थर किती जाड आहेत ते तिथूनच कळतं.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र कुठे समोर आलं तर हे तिन्ही प्रकार नक्की करून बघा. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची, खरवडायची बोथट सुरी) वापरून ते रंगाचे थर चढवत आणि काढत. लांबून एकसंध वाटणारा पृष्ठभाग जवळ गेल्यावर खोल होत जातो. ही खोली कुठल्याच फोटोत येत नाही, छापील पुस्तकातही नाही. त्यांच्या चित्रासमोर प्रत्यक्ष उभं राहण्याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता वही काढा आणि जे दिसलं ते लिहा. अर्थ लिहू नका, भावना लिहू नका, फक्त दिसलेलं लिहा: 'वरचा एकतृतीयांश भाग करडा. डावीकडे तीन उभे आकार, माणसं असावीत. मधल्याला चेहरा नाही. खालच्या कडेला तांबडा ओघळ.' अशा सात-आठ ओळी झाल्या की मगच शीर्षकाची पट्टी वाचा. आधी वाचली तर डोळे शीर्षकाची खातरजमा करत बसतात. चित्रं काढता येत नसली तरी चार रेघांत रचना उतरवून घ्या. ती कुणाला दाखवायची नाहीये. फोटोला मनाई असेल, तर हीच तुमची नोंद.

५. आता फोटो

एका चित्राचे चार फोटो पुरतात: पूर्ण चित्र, शीर्षकाची पट्टी, एखादा तपशील आणि भिंतीसकट लांबून एक.

पूर्ण चित्राचा फोटो वाकडा येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. मोबाईल चित्राला समांतर नसतो. आपण वर टांगलेल्या चित्राकडे मोबाईल कलवून धरतो, आणि चौकोनाचा खाली रुंद, वर निमुळता आकार होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेघा चालू करा. मोबाईल शक्यतो चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणा, आणि फ्रेमच्या चारही कडा रेघांशी जुळल्या की मगच बटण दाबा. जवळ उभं राहून काढू नका, मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद असते आणि कडा फुगवते. तीन-चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर काढा. मागे सरकण्याआधी मान वळवून पाहायला विसरू नका, मधोमध चौथऱ्यावर शिल्प असू शकतं. पाठीवरची सॅक पुढे घ्या.

चित्राभोवतीची थोडी भिंतही फोटोत येऊ द्या. भिंत पांढरी असेल तर तिचा मोठा उपयोग आहे. दालनातल्या पिवळसर दिव्यांमुळे रंग बदलतात, पण घरी फोटो दुरुस्त करताना ती भिंत पांढरी दिसेपर्यंत रंगछटा सरकवली की चित्रातले रंगही बरेचसे जागेवर येतात. भिंत नंतर कापून टाकता येते.

स्क्रीनवर चित्रालाच बोट लावा, नाहीतर पांढऱ्या भिंतीच्या उजेडाने चित्र काळं पडतं. गडद चित्राच्या वेळी उलटं होतं: मोबाईल स्वतःहून ते उजळवतो आणि काळा रंग राखाडी होऊन बसतो. तेव्हा बोट खाली ओढून उजेड कमी करा. रंग आपोआप 'सुधारणारी' सोय असेल तर ती बंद ठेवा. चित्रकाराने मुद्दाम मळका ठेवलेला हिरवा ती पोपटी करून टाकते. मंद उजेडात मोबाईल एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जोडतो, म्हणून कोपर अंगाशी टेकवून दोन-तीन सेकंद स्थिर राहा. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर तो दिव्यांचा दोष. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात शटरचा वेग ठरवता येत असेल, तर १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे जातात.

काचेमागच्या चित्राचा त्रास सगळ्यात मोठा. काचेत समोरचं सगळं उमटतं: खिडकी, दिवे आणि आपण. गडद कपडे घालायचे ते यासाठीच. पांढरा सदरा काचेत भुतासारखा दिसतो. अर्धं पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकत राहा, कुठेतरी पाठीमागची अंधारी बाजू काचेत येईल आणि चित्र मोकळं होईल. सोबत कुणी असेल तर त्यांना काळी शाल किंवा जॅकेट धरून मागे उभं राहायला सांगा. तरीही दिव्याचा ठिपका जात नसेल, तर किंचित बाजूने काढा आणि घरी सरळ करा. काचेला मोबाईल टेकवायचा नाही.

तपशिलाचा फोटो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. संपूर्ण चित्राचा चांगला फोटो कॅटलॉगमध्ये मिळू शकतो, पण तुमची नजर कुठे थांबली होती ते फक्त तुमच्याकडेच असतं. म्हणून हा फोटो काढताना ठरवा: या चित्रातला एकच भाग घरी न्यायचा असेल तर कुठला? सहीचा फोटो सगळेच काढतात. त्यापेक्षा दोन रंग जिथे एकमेकांना भिडतात ती जागा बघा.

लांबून काढलेल्या फोटोत शेजारून जाणारा माणूस पाठमोरा आला तर बरंच. त्याने चित्राचा आकार कळतो. पट्टीवर '१५० बाय २४० सेंमी' वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही.

शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारा आणि पाठीमागूनही एक फोटो घ्या. गुडघ्यावर बसून काढलेला फोटो पुष्कळदा उभ्याने काढलेल्यापेक्षा बरा येतो.

६. चित्रकार समोर असतील तर

जहांगीरमधला हा मोठा लाभ आहे, आणि लोक बुजून तो सोडून देतात. 'याचा अर्थ काय?' असं विचारलं की चित्रकारालाही ठरलेलं उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा कामाविषयी विचारा. 'सर, इथे पहिला रंग कुठला लावला होता?', 'मॅडम, हा खरखरीत पोत कशाने आणलात?', 'हे पूर्ण झालं असं केव्हा वाटलं?' अशा प्रश्नांवर माणसं खुलतात, हातवारे करून सांगतात. किंमत विचारायला हरकत नाही, पण घ्यायचा विचार असेल तरच. चित्रकारांचा फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारा.

टेबलावर अभिप्रायाची वही असते. तिच्यात पानोपानी 'अप्रतिम', 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा' असंच असतं. शुभेच्छा मनापासूनच्या असतात, पण चित्रकाराला त्यातून काही मिळत नाही. त्याऐवजी असं काही लिहा: 'दाराजवळच्या निळ्या चित्रात उजव्या कडेला रंग खरवडून खालचा तांबडा दिसू दिलाय, तिथून नजर हलेना. शेजारच्या मोठ्या चित्रात मात्र तेवढीच जागा मला रिकामी वाटली.' दोनच वाक्यं, पण कुणीतरी खरंच पाहिलं हे त्यातून कळतं. न रुचलेलं लिहायलाही संकोच नको, फक्त कुठे आणि काय ते नेमकं सांगा.

७. त्याच रात्री

फोटो त्याच दिवशी निवडा. धूसर, दुबार झालेले काढून टाका. उरलेल्यांना चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम आणि ठिकाण जोडा. पट्टीचा फोटो त्याचसाठी घेतला होता.

मग वहीतल्या नोंदी समोर ठेवून एक परिच्छेद लिहा. दिसलेलं आधी, त्यावरून काय सुचलं ते नंतर, आणि शेवटी न सुटलेला एक प्रश्न. 'मनाला भिडलं', 'नि:शब्द झालो' अशा शब्दांपाशी थांबा आणि कशामुळे, ते लिहा. 'मला कलेतलं कळत नाही' अशी सुरुवातही नको. तुम्ही पाच मिनिटं उभं राहून पाहिलंय, तेवढा अधिकार पुरेसा आहे.

लिहिलेलं आणि फोटो इतरांना पाठवायचे असतील तर थोडा कायदाही माहीत हवा. भारतात चित्रावरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म. वि. धुरंधर १९४४ मध्ये, त्यामुळे त्यांची चित्रं आता सर्वांची आहेत. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ पर्यंत आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी फोटो ठेवणं किंवा चित्राविषयी लिहिताना तो वापरणं याला कायद्यात जागा आहे, त्याचे कॅलेंडर किंवा टी-शर्ट छापायला नाही. लोकांना खुल्या असलेल्या जागी कायमच्या ठेवलेल्या शिल्पांचे फोटो प्रसिद्ध करायलाही कायदा परवानगी देतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माता-बालक शिल्प आहे. मूर १९८६ मध्ये गेले, म्हणजे त्यावरचा हक्क अजून संपलेला नाही, तरी शिल्प म्हणून ते या सवलतीत बसतं. चित्रांना ही सवलत नाही. संग्रहालयाचा स्वतःचा नियम अर्थातच वेगळा, तो पाळावा लागतोच.

फोटो पाठवताना चित्रकाराचं नाव चित्रासोबतच लिहा, खाली कुठेतरी नाही. चित्र कापून चौकोनी करू नका, त्याचे रंग भडक करू नका. तपशिलाचा फोटो असेल तर तसं स्पष्ट म्हणा. प्रदर्शन अजून चालू असेल तर शेवटची तारीख आणि दालनाची वेळही टाका, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः जाऊन बघता येईल.