व्हेनिस बिएनालेला कलाकृती पाठवताना: माप, माल आणि कागदपत्रं

बिएनाले म्हणजे इटलीतल्या व्हेनिसमध्ये दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन. तिथल्या ज्यार्दिनी बागेत २९ देशांची स्वतःची कायमची दालनं आहेत. भारताचं त्यांत नाही. २०११ आणि २०१९ मध्ये भारताचं दालन आर्सेनालेतल्या जुन्या नौदल गोदीत मांडलं गेलं. म्हणून भारतातून जाणाऱ्या कलावंताने एक धरून चालावं: तिथे आपलं असं काहीच ठेवलेलं नसतं, लागेल ते सगळं न्यायचं आणि परत आणायचं. याचा विचार कामाचं रेखाटन करतानाच व्हायला हवा. काम पूर्ण झाल्यावर वाहतूकदाराला फोन केला तर उशीर झालेला असतो.

सुरुवात मापापासून करा. रस्ता शहराच्या तोंडाशी संपतो, पुढचा टप्पा मालवाहू बोटीचा. पूल बुटके असतात आणि भरती-ओहोटीनुसार त्यांच्याखालची जागा कमी-जास्त होते. त्यामुळे सगळ्यात अरुंद दाराची रुंदी-उंची आणि जमिनीला पेलणारं वजन आयोजकांकडून लेखी घ्या. मोठं शिल्प सुट्या भागांत करा. चार माणसांना उचलता येईल एवढीच एक पेटी असावी. विमानाचं भाडं आकारावरही ठरतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं. १५० × १२० × ६० ची पेटी प्रत्यक्षात ७० किलोची असली तरी पैसे १८० किलोचे पडतात.

आर्सेनालेच्या विटांच्या भिंती संरक्षित वारसा आहेत, त्यांत खिळा ठोकता येत नाही. काम स्वतःच्या चौकटीवर उभं राहील असं करा, नाहीतर सुटी भिंत मागवा. कापड, फोम, प्लायवूड वापरलं असेल तर ते आगीला कितपत दाद देतं याचं प्रमाणपत्र मागतात. ते पुरवठादाराकडून खरेदीच्या वेळीच घ्यावं.

माल निवडताना खरी गफलत होते. माती भारतातून युरोपीय संघात नेता येत नाही, शेणही अडतं. इथली माती कामाचा गाभाच असेल तर ती भाजून टेराकोटा करा, किंवा माती तिकडेच मिळवा. मोरपिसांच्या निर्यातीवर बंदी आहे. शिसवीला वन्य प्रजातींच्या व्यापाराची कागदपत्रं लागतात. जुन्या वाड्याचे दरवाजे आणि खांब मांडणशिल्पात वापरायचे असतील तर विशेष जपा: १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर जाऊ शकत नाही. जुनाट दिसणाऱ्या नव्या कामासाठीसुद्धा 'पुरावस्तू नाही' असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधीच काढून ठेवा. कस्टम्समध्ये पितळी आणि कोरीव कामावर हमखास शंका घेतात.

मुख्य कागद म्हणजे एटीए कार्नेट, तात्पुरत्या नेलेल्या मालाचा कस्टम्ससाठीचा परवाना. भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. त्यामुळे अशा मालावर इटलीत शुल्क भरावं लागत नाही, पण मुदत जास्तीत जास्त एका वर्षाची. २०२४ चं प्रदर्शन २० एप्रिल ते २४ नोव्हेंबर होतं. पाठवण आणि परतीचे आठवडे धरले तर फार दिवस उरत नाहीत, म्हणून कार्नेट गरजेपेक्षा आधी काढू नका. कार्नेटमधली मालाची यादी एकदा मंजूर झाली की तीत वस्तू वाढवता येत नाही. प्रत्येक सुटा भाग, प्रोजेक्टर, केबल यांचा क्रमांक, वजन, किंमत लिहा. रंग, गोंद, पुस्तिका असा संपणारा माल त्यात घालू नका. तो परत येणार नाही आणि हिशेब जुळणार नाही.

लाकडातून कीड जाऊ नये म्हणून पेटीही तपासतात. तिच्या प्लायवूडला हरकत नसते, पण खालच्या साध्या लाकडी पट्ट्या अडवल्या जातात. गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का असलेलं लाकूडच वापरा. खिळे नकोत, बोल्ट लावा. पेटी पुन्हा उघडायची-मिटायची आहे. आत किमान ५ सेंमी फोम, आणि रंगाला बबलरॅप थेट लावू नका, गोल वळ उठतात. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला भाग कुठे बसतो याचे फोटो चिकटवा. पेटी पोचल्यावर २४ तास न उघडता दालनातच ठेवा, नाहीतर थंड वस्तूवर दमट हवेचं पाणी धरतं. कागद, वेत, ज्यूट यांना सात महिन्यांचा खारा दमटपणा सोसायचा असतो, हे फ्रेमिंग करतानाच लक्षात घ्या.

हलतं किंवा विजेवर चालणारं काम असेल तर दिवसाचे आठ तास, सोमवारच्या सुट्ट्या वगळून, दीड हजार तासांच्या आसपास चालतं. स्टुडिओत दोन दिवस चालवून बघणं ही चाचणी नव्हे. वीज इथल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लग मात्र वेगळे. मोटर, दिवे, मीडिया प्लेअर यांचे दोन जादा संच आणि बंद-चालू करण्याच्या सूचना इटालियनमध्ये लिहून द्या, कारण उद्घाटनानंतर ते काम दालनातले मदतनीसच सांभाळतात.

रिकाम्या पेट्या सात महिने कुठे राहतील हे करारातच लिहून घ्या. व्हेनिसमध्ये जागा महाग, त्या मुख्य भूमीवरच्या गोदामात जातात आणि भाडं वेगळं लागतं. ही तरतूद राहिली तर पेट्या मोडीत निघतात आणि परतीला घाईत नव्या कराव्या लागतात. उतरवताना भागांचे क्रमांक कार्नेटच्या यादीशी जुळवा. इटलीतून निघताना कार्नेटच्या पांढऱ्या पानावर आणि भारतात उतरल्यावर पिवळ्या पानावर शिक्का स्वतः तपासा. एक जरी राहिला तरी माल तिकडेच राहिल्याचं गृहीत धरून शुल्क मागितलं जातं, आणि ते आधी भरलेल्या हमीतून वळतं होतं.