वाफेचं मॉडेल इंजिन रुसलं? पान्हा उचलण्याआधी या चुका टाळा

१६ एप्रिल १८५३ ला साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी बोरीबंदरहून चौदा डबे ठाण्यापर्यंत ओढत आणले. माझं इंजिन ४५ मिलिमीटरच्या रुळांवर, ठाण्यातल्याच एका गॅलरीत धावतं. नखरे मात्र त्या तिघांइतकेच! पूर्वी ते अडलं की मी थेट सिलिंडर, म्हणजे वाफ जिथे दट्ट्या ढकलते ती नळी, उघडायचो. वाफ गळू न देणाऱ्या दोन चकत्या, म्हणजे गॅस्केटं, फाडल्यावर अक्कल आली. खोट बहुतेकदा पाण्यात असते, नाहीतर तेलात.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो. त्यातलं बोअरचं पाणी घातलं की बॉयलरमध्ये क्षारांचा पांढरा थर धरतो, कण सुटून सेफ्टी व्हॉल्व्हच्या (दाब जास्त झाला की वाफ सोडणाऱ्या झडपेच्या) बैठकीत अडकतात आणि व्हॉल्व्ह गळायला लागतो. मग माणूस काय करतो? स्प्रिंग आवळतो. यापेक्षा घातक चूक नाही. बॉयलर गार होऊ द्या, व्हॉल्व्ह काढून साफ करा, ओ-रिंग (रबरी कडं) झिजली असेल तर बदला. पुढच्या वेळी ठरलेल्या दाबाला तो उघडतोय ना, हे गेजवर बघा.

बोअरऐवजी बॅटरीचं पाणी घालणार असाल, तर त्याचं लेबलही वाचून घ्या. डिस्टिल्ड समजून आणलेलं पाणी पुष्कळदा डिमिनरलाइज्ड, म्हणजे वाफ न करता क्षार काढलेलं, निघतं आणि ते पितळेतलं जस्त खातं, असं जुने हौशी बजावतात. मी जुलैत गच्चीवर पातेलं ठेवतो. पहिले चार-पाच पाऊस सोडायचे, मग फडक्यातून गाळून बाटल्या भरायच्या. आईच्या मते मी अजून आठवीतच आहे.

शिलाई मशीनचं तेल चाकांच्या आसांना ठीक, सिलिंडरला नाही. चौरस इंचाला ४० पौंड दाबाची वाफ साधारण १४० अंश सेल्सिअसची असते, त्यात पातळ तेल टिकत नाही. घट्ट स्टीम ऑइलच हवं. ल्युब्रिकेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीत, वाफेचं पाणी होऊन तळाशी बसतं आणि वरचं तेल सिलिंडरकडे ढकलतं. त्यामुळे दर खेपेला आधी ते पाणी काढायचं, मग तेल भरायचं.

दाब आहे, पण इंजिन नुसतं थरथरतंय? गार सिलिंडरमध्ये पाणी साचलंय. पाणी दाबलं जात नाही, तेव्हा रेग्युलेटर (वाफ सोडायचा नळ) आणखी उघडून उपयोग नाही. हाताने हळूहळू पुढे-मागे करा. चिमणीतून गरम पाणी थुंकेल, तोंड लांब ठेवा.

इंधन नेहमी पाण्याआधी संपेल इतकंच भरा. कोरडा बॉयलर तापला की डाग दिलेले (सोल्डर केलेले) सांधे जातात. आणि स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, विझली समजून हात घालू नका.

खाडीकाठच्या हवेत लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. गाडी चालवून झाली की बॉयलर कोमट असतानाच रिकामा करा, चाकांवरून तेलाचं बोट फिरवा. मागच्या जूनमध्ये मी हा आळस केला. गणपतीच्या आराशीत इंजिन ठेवायला खोकं उघडलं, तर सगळी चाकं तांबूस!