सुटकेस भरताना जड वस्तू चाकांकडे ठेवाव्यात

सुटकेस भरण्यापूर्वी ती उभी केल्यावर कोणती बाजू खाली येते, हे पाहून घ्यावे. बूट, चार्जर, प्रसाधनांची पिशवी अशा जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवल्या, तर बॅग सहजासहजी कलंडत नाही आणि वजनदार सामान वरून घसरून कपड्यांच्या घड्या विस्कटत नाहीत. बुटांच्या पोकळीत मोजे भरावेत; त्यामुळे जागा वाचते आणि बुटांचा आकारही टिकतो.

टी-शर्ट आणि अंतर्वस्त्रे यांच्या घट्ट गुंडाळ्या कराव्यात, मात्र इस्त्रीचे शर्ट सपाट घडी घालून सर्वांत वर ठेवावेत. जाड जॅकेट गुंडाळण्याचा आग्रह धरू नये. ते प्रवासात अंगावरच घालणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

हवा काढून टाकता येणाऱ्या पिशव्यांमुळे कपड्यांचा आकार कमी होतो, वजन नाही, आणि विमानप्रवासात नेमका हाच फरक अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून भरलेली बॅग घरीच वजनकाट्यावर तोलून पाहावी. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई असल्याने त्या हातातल्या बॅगेतच न्याव्यात. औषधे, कागदपत्रे आणि एका दिवसाचे कपडेही तिथेच असावेत, म्हणजे मोठी बॅग उशिरा पोहोचली तरी पहिला दिवस अडत नाही.

परतीच्या वेळी मळलेल्या कपड्यांसाठी एक रिकामी कापडी पिशवी घडी करून तळाशी ठेवावी.