पुण्याहून कोलकात्याला फुटबॉलचा अंतिम सामना पाहायला जाताना

एफसी पुणे सिटी हा संघ 2019 साली बंद झाल्यापासून बालेवाडीच्या मैदानावर देशातील अव्वल लीगचे सामने नियमित पाहण्याची सोय पुणेकरांना उरलेली नाही, आणि त्यामुळे ज्याला मोठा सामना प्रत्यक्ष पाहायचा आहे त्याला गाव सोडावेच लागते. यातला बराचसा प्रवास कोलकात्याचा असतो. ड्युरँड चषक या जुन्या फुटबॉल स्पर्धेचे अंतिम सामने 2019 पासून तेथील सॉल्ट लेक स्टेडियमवर होत आले आहेत, आणि इंडियन सुपर लीग या अव्वल लीगचे 2024 व 2025 या दोन्ही वर्षांचे अंतिम सामनेही तेथेच झाले. 4 मे 2024 रोजी मुंबई सिटीने कोलकात्याच्याच मोहन बागानला 3-1 असे हरवले तेव्हा आम्ही चौघे पुण्याहून गेलो होतो. त्या प्रवासात जे जमले आणि जे चुकले, त्यावरून पुढील सूचना लिहीत आहे.

अशा प्रवासातली खरी अडचण खर्चापेक्षा वेळेची असते. त्या वर्षी मुंबईच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना 29 एप्रिलला संपला आणि अंतिम सामना होता 4 मेला. म्हणजे आपला संघ पोहोचला हे कळल्यापासून हातात जेमतेम पाच दिवस. एवढ्या घाईत बहुतेक जण आधी जाण्याचे तिकीट काढतात. माझे मत नेमके उलट आहे. आधी सामन्याचे तिकीट, मग परतीचे, त्यानंतर मुक्काम आणि सर्वांत शेवटी जाण्याचे तिकीट, हा क्रम पाळावा. जाण्यासाठी दोन-तीन दिवसांची मोकळीक असते, मुंबईमार्गे किंवा नागपूरमार्गेही जाता येते. पण परतीची वेळ सामन्याशी आणि सोमवारच्या कामाशी बांधलेली असते, आणि सामना संपल्यावर त्या एकाच दिवसासाठी हजारो लोक तिकिटे शोधत असतात.

सामन्याचे तिकीट अधिकृत विक्रीतूनच घ्यावे, आणि ते काढण्यापूर्वी आपल्या संघाच्या समर्थकांसाठी कोणता स्टँड राखीव आहे हे समर्थकांच्या गटाकडून विचारून घ्यावे. पाहुण्या संघाची जर्सी घालून यजमानांच्या स्टँडमध्ये नव्वद मिनिटे बसणे हा आनंदाचा अनुभव नसतो. ऑनलाइन घेतलेले तिकीट मोबाइलवर दाखवून चालते की खिडकीवर देऊन छापील तिकीट घ्यावे लागते, हेही खरेदीनंतर आलेल्या संदेशात नीट वाचावे. छापील तिकीट घ्यायचे असेल तर आदल्या दिवशी कोलकात्यात असणे आवश्यक ठरते, आणि मग पुढचे सगळे वेळापत्रक त्यावरून ठरते.

पुण्याहून थेट विमानाने सुमारे अडीच तासांत कोलकाता गाठता येते. परतीचे विमान मात्र सामन्याच्या रात्रीचे कधीही घेऊ नये. सामना साडेसातला सुरू झाला, तर जादा वेळ, पेनल्टी शूटआउट आणि चषक प्रदान धरून अकरा वाजू शकतात. रेल्वेने जायचे असेल तर आझाद हिंद एक्सप्रेस रोज संध्याकाळी पुण्याहून निघते आणि दौंड, मनमाड, नागपूर, बिलासपूर, टाटानगर असा देश ओलांडत तिसऱ्या दिवशी पहाटे हावड्याला पोहोचते. आठवड्यातून दोन दिवस दुरांतोही असते. एवढ्या लांबच्या गाडीला काही तासांचा उशीर सहज होतो, म्हणून गाडी सामन्याच्या दिवशी पहाटे पोहोचणारी नसावी, किमान एक दिवस आधीची असावी. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होत असल्याने पाच दिवसांवर येऊन ठेपलेल्या सामन्यासाठी बहुधा तत्काळचाच आधार उरतो. तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला. ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते. हे काम संघ उपांत्य फेरीत पोहोचताच उरकून ठेवावे. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

मुक्कामाच्या बाबतीत आम्ही चुकलो. स्वस्त मिळाली म्हणून शहराच्या दक्षिण भागात एका लॉजमध्ये खोली घेतली, आणि रात्री साडेबाराला पोहोचलो तेव्हा दाराला आतून कडी होती. पहारेकऱ्याला जागे करण्यात अर्धा तास गेला. म्हणून रात्री किती वाजेपर्यंत दार उघडे असते, हे खोली घेण्यापूर्वी फोन करून विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोली मेट्रोच्या ग्रीन लाइनच्या जवळ घ्यावी. आम्ही गेलो त्या वेळी ही लाइन मध्येच तुटलेली होती: हावड्याकडून गाडी एस्प्लनेडपर्यंत येई, पुढचा तुकडा सियालदहपासून सुरू होई, आणि मधले अंतर गर्दीच्या रस्त्याने काटावे लागे. 22 ऑगस्ट 2025 रोजी तो दुवा जोडला गेला आणि पाहुण्या प्रेक्षकासाठी सगळे गणितच बदलले. आता हावडा स्थानकाखालीच मेट्रोत बसावे, गाडी हुगळी नदीच्या पात्राखालून जाते, आणि महाकरण, एस्प्लनेड, सियालदह, फूलबागान यांच्यानंतरचे पाचवे स्थानक म्हणजे थेट सॉल्ट लेक स्टेडियम. सियालदह किंवा एस्प्लनेडच्या परिसरात खोली मिळाली तर सामन्याच्या दिवशी टॅक्सीची गरजच पडत नाही. विमानतळावरूनही आता मेट्रो आहे, पण सियालदहला यायला नोआपाडा आणि एस्प्लनेड अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. सामान असेल तर सरळ टॅक्सी करावी. मेट्रोचे स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी घेऊन त्यात परतीपुरते पैसे भरून ठेवावेत, कारण सामना सुटल्यावर तिकीट खिडकीपुढची रांग पाहून धीर सुटतो.

हवामानाचा विचार पुणेकराने विशेष करावा. आपल्याकडे उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो आणि संध्याकाळी वारा सुटतो. कोलकात्यात एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही अंगाला सदरा चिकटलेला असतो, आणि घाम वाळतच नाही. त्याच दिवसांत दुपारनंतर कालबैशाखीची वादळे येतात. आपल्या वळवासारखीच, पण अधिक जोरकस. ड्युरँड चषकाचा अंतिम सामना ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी येतो, तेव्हा पाऊस गृहीतच धरावा. सुती कपडे आणि घडी घालून खिशात मावणारा रेनकोट घ्यावा, कारण छत्री दारावरच अडवली जाण्याची शक्यता असते. पिशवी, पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि सुटी नाणीसुद्धा खोलीवरच ठेवावीत. आमच्यातल्या एकाची नवी पॉवर बँक तपासणीत बाजूला काढून ठेवली गेली. परतताना तो ढीग ज्या टेबलावर होता ते टेबलही जागेवर नव्हते. फोन पूर्ण चार्ज करून न्यावा, आणि तिकिटाचे चित्र सोबत्यांपैकी आणखी एकाच्या फोनमध्येही असावे.

प्रवेशद्वाराशी किमान दोन तास आधी पोहोचावे. हे स्टेडियम 1984 साली सुरू झाले, आणि 1997 मध्ये मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्याला येथे सव्वा लाखाहून अधिक लोक आले होते. नूतनीकरणानंतर क्षमता बरीच कमी झाली असली, तरी साठ हजारांहून अधिक माणसे एका वेळी आत शिरतात आणि एका वेळी बाहेर पडतात. आपले प्रवेशद्वार तिकिटावर पाहून दिवसाउजेडी शोधून ठेवावे, कारण चुकीच्या दारावर गेल्यास स्टेडियमला मोठा वळसा पडतो. वाट विचारायला संकोच करू नये. ‘दादा’ हा शब्द बंगालीत आणि मराठीत एकाच अर्थाने चालतो, आणि त्या एका हाकेने आम्हाला कोणी कधी उडवून लावले नाही.

सामना संपताना काय होते ते सांगतो. मुंबईचा तिसरा गोल भरपाईच्या वेळेत, सातव्या मिनिटाला झाला, आणि समोरचा हिरवा-मरून स्टँड आमच्या डोळ्यांदेखत रिकामा होत गेला. आम्हाला मात्र पोलिसांनी बराच वेळ जागेवरच बसवून ठेवले. तेव्हा चिडचिड झाली; आता वाटते की ते योग्यच होते. पाहुण्यांच्या स्टँडमध्ये असाल तर हा वेळ धरूनच शेवटच्या मेट्रोचा विचार करावा. शेवटची गाडी किती वाजता आहे हे येतानाच स्थानकावर विचारून घ्यावे, आणि ती चुकली तर कोणत्या मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊन टॅक्सी धरायची तेही सोबत्यांमध्ये आधी ठरवावे. जिंकल्यावर जर्सीवर साधा सदरा चढवून रस्त्यावर यावे. हरलेल्या माणसाच्या दुःखाचा मान राखणे हे खेळ पाहणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

दुसरा दिवस हाताशी ठेवता आला तर अवश्य ठेवावा. आझाद हिंद हावड्याहून रात्री सुटते, त्यामुळे दिवस मोकळा मिळतो. सकाळी कोचुरी आणि आलूर दम खावे. शाकाहारी मंडळींनी ‘निरामिष’ हा शब्द पाठ करून ठेवावा. नंतर एस्प्लनेडला उतरून ‘मैदान’ नावाच्या विस्तीर्ण मोकळ्या हिरवळीकडे चालत जावे. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही जुन्या क्लबांची मैदाने तेथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. 29 जुलै 1911 रोजी ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या मोहन बागानच्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, ते याच मैदान परिसरात. क्लबच्या फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. आमच्यातल्या एकाची निळी जर्सी पाहून त्यांनी पान मिटले, बाकावर सरकून जागा करून दिली, आणि पहिल्या गोलच्या वेळी बचावफळी कुठे उघडी पडली ते बाकावर बोटाने रेघा ओढून समजावले. एस्प्लनेडहून हावडा मेट्रोने दुसरेच स्थानक आहे, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी तासभर निघाले तरी पुरते.