गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीचं काय करावं

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग थोडाथोडा करंट खातच असतात. माझ्या गाडीला मल्टिमीटर लावला तर आकडा ५० मिलिअँपिअरच्या आसपास. ऐकायला किरकोळ, पण दिवसाला १.२ अँपिअर-तास (बॅटरीतली साठवण मोजायचं माप) होतात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी सव्वा महिन्यात पार रिकामी. खरं नुकसान पुढेच. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात, मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही.

म्हणून आधी पूर्ण चार्ज केली, मग निगेटिव्ह टर्मिनल काढलं. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. जोडताना उलटा क्रम. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली होती. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासली आणि कोरडं करून व्हॅसलीन लावलं.

एवढं करूनही बॅटरी आपसूक थोडी उतरते, उन्हाळ्यात जास्तच. अधूनमधून व्होल्टेज बघतो: १२.६ च्या वर असेल तर निश्चिंत, १२.४ च्या खाली गेलं की चार्जर. जवळ प्लग असेल तर ऑटोमॅटिक मेंटेनर चार्जरच घ्या, म्हणजे जोडून ठेवला की बॅटरी आपोआप भरलेली ठेवणारा.

आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. टर्मिनल जोडलेलंच असेल तर आठवडाभरात गेलेले आठेक अँपिअर-तास तेवढ्यात भरून निघत नाहीत, आणि इंजिन पुरतं तापत नसल्याने ऑइलमध्ये पाणी धरतं ते वेगळंच.